जुन्या विंडोजवरचे दोन ब्राउझर : फायरफॉक्स ईएसआर ११५ आणि सुपरमियम

अंबाजोगाई, परळी, केज, माजलगाव या पट्ट्यातल्या लहान छापखान्यांत आणि डीटीपीच्या दुकानांत आजही विंडोज ७ चालते, आणि त्यामागे आळस किंवा कंजुषी आहे असे कोणी समजू नये. पाने मांडण्याचा पेजमेकर ७ हा प्रोग्राम, त्यासोबतची मराठी अक्षरांसाठीच्या श्रीलिपीची जुनी आवृत्ती, तिचे संगणकाच्या पाठीमागे खोचलेले हार्डवेअर लॉक आणि नव्या विंडोजसाठी ज्याचा ड्रायव्हर कधी निघालाच नाही असा ए३ आकाराचा लेझर प्रिंटर, ही साखळी एकदा जुळली की तिला कोणी हात लावत नाही. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रके, अडत दुकानांची पावतीपुस्तके आणि पतसंस्थांचे वार्षिक अहवाल याच संगणकावरच्या फाइलींत असतात, आणि त्या फाइली दुसऱ्या कशात उघडल्या तर रेघा सरकतात, जोडाक्षरे फुटतात आणि सगळे प्रूफ नव्याने वाचावे लागते. त्यामुळे "नवा संगणक घ्या की" हा सल्ला देणे सोपे असले, तरी ज्याचे पोट त्या फाइलींवर आहे त्याला तो परवडत नाही.

मात्र आता काम इंटरनेटवरूनच येते. "काका, मॅटर व्हॉट्सॲपला टाकलंय, पत्रक उद्याच लागतंय" असा फोन आला की व्हॉट्सॲप वेब उघडायचे, युनिकोडमधला मजकूर उचलायचा, कन्व्हर्टरमधून तो श्रीलिपीच्या अक्षरांत आणायचा आणि पेजमेकरमध्ये बसवायचा, हा आमच्या धंद्याचा रोजचा क्रम झाला आहे. व्हॉट्सॲपचे संगणकावरचे ॲप विंडोज १० च्या खाली बसत नाही, म्हणून ब्राउझर हाच एक रस्ता उरतो. तो ब्राउझर कोणता असावा, याविषयी आमच्या छापखान्यातल्या दोन संगणकांवरच्या अनुभवातून हे लिहीत आहे. एक कोअर टू ड्युओ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि ३२-बिट विंडोज ७ चा, तर दुसरा त्याहून जुना, विंडोज एक्सपीचा, जो केवळ काही जुन्या फाइली उघडण्यासाठी राखून ठेवला आहे.

आधी सध्याची स्थिती सांगतो. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या आणि पैसे भरून मिळणाऱ्याही १० जानेवारी २०२३ रोजी संपल्या. क्रोमची १०९ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती. फेब्रुवारी २०२३ मध्ये आलेली ११० तेथे बसतच नाही. मायक्रोसॉफ्टचा एज हा ब्राउझरही १०९ वरच थांबला. बहुतेक दुकानांत आजही तेच १०९ उघडे दिसते. वरच्या बाजूला यापुढे अपडेट मिळणार नसल्याची पट्टी येते आणि ती रोज सकाळी फुली मारून घालवली जाते. पान उघडते आहे तोवर सगळे ठीक आहे, असा समज त्यामागे असतो, आणि तोच सर्वांत धोक्याचा आहे. ब्राउझरमध्ये सापडलेली प्रत्येक त्रुटी नव्या आवृत्तीत दुरुस्त होते तेव्हा ती जगजाहीरही होते, आणि जुन्या आवृत्तीत ती तशीच उघडी राहते.

छापखान्यापुरते एकच उदाहरण पुरेसे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या घटकात एक गंभीर त्रुटी सापडली. मुद्दाम बिघडवलेले एखादे चित्र ब्राउझरने नुसते दाखवले तरी संगणकाचा ताबा जाऊ शकेल अशी ती होती, आणि तिचा वापर प्रत्यक्षात सुरू झाल्यानंतरच ती लोकांना कळली. व्हॉट्सॲपची स्टिकरे याच वेबपी प्रकारात असतात आणि आमच्याकडे तर दिवसभर फोटो, लोगो, देवादिकांची चित्रे येतच असतात. त्या वेळी फायरफॉक्स ईएसआरची ११५.२.१ ही दुरुस्त आवृत्ती लगेच आली आणि ती विंडोज ७ वरही आपोआप बसली. ज्या यंत्राला त्याच्या निर्मात्यानेच वाऱ्यावर सोडले आहे, त्याच्यासाठी अजून कोणीतरी दुरुस्त्या काढत आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

माझे मत स्पष्ट आहे. विंडोज ७ वर रोजच्या वापराचा ब्राउझर फायरफॉक्स ईएसआर ११५ हाच असावा, आणि त्यात जी संकेतस्थळे मोडतात त्यांच्यासाठी क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच गाभ्यावर, बांधलेला सुपरमियम हा ब्राउझर शेजारी बसवून ठेवावा. एक्सपीवर आज सुपरमियमएवढा चालता ब्राउझर मला दुसरा दिसला नाही. बँकेचे व्यवहार मात्र या दोन्हींतून करू नयेत. त्याचे कारण पुढे येईलच.

ईएसआर म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा. तिच्यात नव्या सोयी येत नाहीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र येत राहतात. जुलै २०२३ मध्ये आलेली ११५ ही विंडोज ७, ८ आणि ८.१ वर चालणारी शेवटची फायरफॉक्स आवृत्ती आहे. या तिन्ही विंडोज वापरणारे बरेच उरले आहेत हे पाहून मोझिलाने या शाखेची सप्टेंबर २०२४ ही मूळ मुदत मार्च २०२५ पर्यंत नेली आणि त्यानंतर ती आणखीही पुढे ढकलली. मुदत वाढत गेली म्हणून ती कायमचीच आहे असे धरून चालू नये. येथे एक गोष्ट अवश्य तपासावी. मदत मेनूतल्या माहितीच्या खिडकीत नुसते ११५ दिसणे पुरेसे नाही, तर तो आकडा किमान ११५.१३ तरी असला पाहिजे. फायरफॉक्सच्या आत असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत १४ मार्च २०२५ रोजी संपली आणि ११५.१३ च्या आधीच्या आवृत्त्यांत एक्स्टेन्शने, म्हणजे ब्राउझरला जोडायची छोटी पूरक साधने, बंद पडण्याची वेळ आली. "कालपर्यंत जाहिराती अडत होत्या, आज अचानक सगळ्या दिसू लागल्या" अशी तक्रार त्या सुमारास ज्यांनी केली, त्यांच्या संगणकावर बहुधा हेच घडले असावे.

प्रमाणपत्रांचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण "ब्राउझर खराब झाला" म्हणून ज्या तक्रारी येतात त्यांतल्या पुष्कळशा प्रत्यक्षात याच असतात. संकेतस्थळ खरे आहे की नाही हे ब्राउझर त्याच्या प्रमाणपत्रावरून ठरवतो, आणि ते प्रमाणपत्र ज्या मूळ प्रमाणपत्रावर उभे असते ते संगणकाच्या ओळखीचे असावे लागते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी डीएसटी रूट सीए एक्स३ या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि लेट्स एन्क्रिप्ट या सेवेची मोफत प्रमाणपत्रे वापरणारी असंख्य संकेतस्थळे जुन्या यंत्रांवर एकाएकी अविश्वासू ठरली. क्रोमच्या जुन्या आवृत्त्या आणि इंटरनेट एक्सप्लोरर ओळखीच्या मूळ प्रमाणपत्रांची यादी विंडोजकडून घेतात, म्हणून विंडोजची यादी शिळी झाली की तेही अडतात. फायरफॉक्स स्वतःची यादी सोबत घेऊन येतो आणि क्रोमियमनेही २०२२ पासून तीच पद्धत स्वीकारली, त्यामुळे सुपरमियमलाही तिचा लाभ मिळतो. जुन्या विंडोजवर नवा ब्राउझर बसवताच कितीतरी बंद पाने पुन्हा उघडतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

पण त्याहीआधी घड्याळ पाहावे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा गोल सेल संपला की वीज गेल्यावर संगणकाची तारीख मागे जाते, कधी थेट दहा-पंधरा वर्षे मागे, आणि मग प्रत्येक पानावर कनेक्शन खाजगी नसल्याचा इशारा झळकतो, कारण संगणकाच्या मते त्या प्रमाणपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नसते. आमच्या भागात वीज दिवसातून कितीदा जाते ते वेगळे सांगायला नको, आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असली तर हा प्रकार रोजचाच होतो. यावर विंडोज नव्याने टाकून देणारे कारागीरही मी पाहिले आहेत, तेव्हा सांगतो की तो सेल कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो, बॅटरीचा दांडा नखाने मागे सारला की जुना निघतो आणि सपाट, लिहिलेली बाजू वर ठेवून नवा दाबून बसवला की काम होते. संगणक मात्र त्या वेळी विजेपासून पूर्ण सोडवलेला असावा.

फायरफॉक्स ११५ ची खरी मर्यादा सुरक्षेत नाही, ती वयात आहे. संकेतस्थळे बांधणारे लोक नव्या सोयी वापरतात आणि २०२३ च्या मध्यावर थांबलेल्या ब्राउझरला त्या कळत नाहीत. पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत एका नियमाच्या पोटात दुसरा नियम लिहिण्याची सोय फायरफॉक्समध्ये ११७ पासून आली आणि एखाद्या घटकाच्या आत काय आहे ते पाहून त्याला रूप देणारा 'हॅज' हा नियम १२१ पासून आला. दोन्ही ११५ नंतरच्या, म्हणून ज्या पानाची मांडणी त्यांवर उभी आहे ते पान ११५ मध्ये विस्कटते. एका शासकीय पोर्टलवर अर्ज भरताना मला हे प्रत्यक्ष दिसले. डाव्या बाजूची यादी मधल्या रकान्यांवर येऊन बसली, तालुका निवडण्याची चौकट अर्धी झाकली गेली आणि 'पुढे' हे बटण पानाच्या तळाशी असूनही दिसेना. कंट्रोल दाबून वजाचे चिन्ह दाबत पान लहान केले तेव्हा कोठे ते बटण वर आले. टॅब कळीने एकेका चौकटीतून पुढे सरकत जाणे हाही एक उपाय आहे, पण गिऱ्हाईक समोर उभे असताना तो जीव खातो. अशा पानांची संख्या दर वर्षी वाढतच जाणार आहे.

याच ठिकाणी सुपरमियम उपयोगी पडतो. क्रोम ज्यावर उभा आहे त्या क्रोमियमचीच ही खुल्या स्रोताची, विनामूल्य शाखा आहे. नवा क्रोमियम विंडोजकडे जी फंक्शने (तयार कामे) मागतो त्यांतली बरीच एक्सपी किंवा विंडोज ७ मध्ये मुळात नाहीतच, म्हणून तो तेथे सुरूच होत नाही. सुपरमियम ही उणी फंक्शने स्वतःच्या एका सहायक डीएलएल फाइलमधून पुरवतो आणि त्यामुळे एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ (दुरुस्त्यांचा एकत्रित संच) पासून पुढच्या सगळ्या विंडोजवर चालतो. हे काम किती कष्टाचे आहे याची कल्पना बाहेरच्या माणसाला यायची नाही. गूगलसारखी कंपनी साधारण दर चार आठवड्यांनी नवी आवृत्ती काढते आणि तिच्यातला प्रत्येक बदल जुन्या विंडोजवर पुन्हा बसवून पाहावा लागतो. फायरफॉक्समध्ये मोडलेला तो अर्ज सुपरमियममध्ये पहिल्या खेपेस नीट उघडला. क्रोमची बहुतेक एक्स्टेन्शने चालतात, आणि विंडोज ७ ची काचेसारखी पारदर्शक शीर्षकपट्टीही ठेवता येते.

आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची सोय अक्षरांची आहे. कमी रिझोल्यूशनच्या जुन्या मॉनिटरवर नव्या पद्धतीने रेखलेली देवनागरी पुसट दिसते, मात्रा आणि अनुस्वार डोळ्याला नीट सापडत नाहीत. सुपरमियममध्ये विंडोजच्या जुन्या जीडीआय पद्धतीने अक्षरे रेखण्याचा पर्याय आहे. तो चालू केल्यावर अक्षरे ठसठशीत होतात. दिवसभर प्रूफ वाचणाऱ्याला हा फरक पहिल्या तासातच कळेल. जोडाक्षरे मात्र दोन्ही ब्राउझरांत बरोबरच येतात, कारण दोघेही ती जोडण्याचे काम विंडोजवर न सोपवता हार्फबझ या स्वतःजवळच्या घटकाकडून करून घेतात. विंडोज ७ मध्ये मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे फॉन्ट असतात, पण निर्मला हा फॉन्ट विंडोज ८ पासूनचा आहे, त्यामुळे तो गृहीत धरलेली पाने येथे मंगलमध्ये दिसतात. एक्सपीवर देवनागरीची सोय रीजनल सेटिंगमधून वेगळी चालू करावी लागते आणि त्यासाठी विंडोजची सीडी लागते. ती सीडी ज्यांनी जपून ठेवली नाही त्यांना मराठी पानांवर नुसते चौकोन दिसतील.

सुपरमियमला मी पहिल्या क्रमांकावर ठेवत नाही, त्याचे कारण विश्वासाचे आहे. फायरफॉक्समागे एक संस्था, तिचा सुरक्षाविभाग आणि ठरलेले वेळापत्रक आहे. सुपरमियम मोजक्या हातांवर चालतो, मूळ क्रोमियममध्ये दुरुस्ती आल्यानंतर ती येथे पोहोचायला वेळ लागतो आणि ज्यांच्यावर हे सगळे उभे आहे त्यांनी उद्या काम थांबवले तर पुढे कोण, याचे उत्तर नाही. हा त्यांचा दोष नाही. उलट ते करत आहेत त्याबद्दल कृतज्ञताच वाटते. पण वापरणाऱ्याने हे जाणून असावे. नवी आवृत्ती आली का, हे अधूनमधून स्वतः जाऊन पाहावे, आणि ती प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा प्रोग्रामांचा कोड ठेवण्याच्या गिटहब या संकेतस्थळावरूनच उतरवावी. 'जुन्या विंडोजसाठी क्रोम' अशा नावाने फाइली वाटणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पेल मून हा ब्राउझरही मी पाहिला. तो हलका आहे, विंडोज ७ वर चालतो, पण त्याचे इंजिन वेगळ्या वाटेने गेल्यामुळे आजची अनेक पाने त्यात नीट उघडत नाहीत. एक्सपीसाठीचा मायपाल फायरफॉक्स ६८ वर आधारलेला आहे. साध्या पानांना पुरतो, त्यापुढे नाही.

वेगाचे म्हणाल तर दोन्ही ब्राउझर रॅम खातात, सुपरमियम थोडा अधिक. ३२-बिट विंडोजला ४ जीबी बसवली तरी सव्वातीन-साडेतीनच्या आसपासच वापरता येते, आणि पेजमेकर, कोरल व व्हॉट्सॲप वेब एकदम उघडे असले की त्यातले फारसे उरत नाही. येथे सर्वांत मोठा फरक जाहिराती अडवणाऱ्या युब्लॉक ओरिजिन या एक्स्टेन्शनने पडतो. आजच्या बातम्यांच्या पानावर मजकुरापेक्षा जाहिराती आणि पाळत ठेवणारे कोड अधिक असतात. ते उतरलेच नाहीत तर जुना प्रोसेसर मोकळा श्वास घेतो, आणि फसव्या 'डाउनलोड' बटणांवर चुकून बोट पडण्याचा धोकाही टळतो. यूट्यूब अडखळत असेल तर व्हिडिओ एच.२६४ याच प्रकारात मागवणारे एक्स्टेन्शन टाकावे, कारण त्या काळच्या ग्राफिक चिपला व्हीपी९ आणि एव्ही१ हे नवे प्रकार कळत नाहीत आणि सगळा भार प्रोसेसरवर येतो. जुनी हार्ड डिस्क बदलून साटा एसएसडी बसवणे हा खर्च मी आनंदाने सुचवतो. मात्र एक्सपीला एसएसडीचा वेग टिकवणारी ट्रिम ही सोय माहीत नाही, म्हणून हा सल्ला विंडोज ७ पुरताच आहे.

आता बँकेचा मुद्दा. ब्राउझर कितीही नवा असला तरी तो ज्याच्यावर चालतो ती विंडोज जुनीच राहते, आणि तिच्यातली त्रुटी ब्राउझरला झाकता येत नाही. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय हा व्हायरस जगभर पसरला तेव्हा तो विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्या त्रुटीतून एका संगणकावरून दुसऱ्यावर गेला, कोणत्याही ब्राउझरमधून नव्हे, आणि बाधित यंत्रांत विंडोज ७ चीच संख्या सर्वाधिक होती. तिची दुरुस्ती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये निघालेली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. छापखान्यात दोन संगणकांमध्ये फाइल शेअरिंग चालू असतेच, म्हणून ही दुरुस्ती बसलेली आहे याची खात्री करणे ब्राउझर निवडण्याआधीचे काम आहे. २०२० नंतर सापडलेल्या त्रुटींचे काय, याला विंडोज ७ कडे उत्तर नाही. म्हणून बँक, यूपीआय आणि जीएसटीचे पासवर्ड या यंत्रावर टाकू नयेत. त्यांच्यासाठी अपडेट मिळत असलेला मोबाइल किंवा घरातला दुसरा संगणक वापरावा.

हा प्रश्न विंडोज ७ पुरता राहिलेला नाही. विंडोज १० ची नेहमीची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसलेले आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत, आणि असे संगणक आपल्याकडच्या शाळांत, सेवा केंद्रांत, वकिलांच्या आणि अडत्यांच्या टेबलांवर भरपूर आहेत. वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची योजना मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे आणि तिच्यासाठी नोंदणी करावी लागते, तेव्हा ज्यांच्याकडे विंडोज १० आहे त्यांनी ती आधी करून घ्यावी.

बसवण्याचा क्रम शेवटी सांगतो, कारण तो चुकला की सगळेच अडते. विंडोज ७ ला सर्व्हिस पॅक १ असला पाहिजे. त्यानंतर २०१९ मध्ये आलेली एसएचए-२ ची दुरुस्ती बसवावी, कारण तिच्याशिवाय नव्या प्रोग्रामांवरची डिजिटल सही विंडोजला ओळखता येत नाही. मग फायरफॉक्स ईएसआर ११५ मोझिलाच्याच संकेतस्थळावरून घ्यावा, मराठीतही तो मिळतो, आणि क्रोममधली बुकमार्क त्यात आयात करून घ्यावीत. ती आली आहेत हे पाहिल्यावर जुन्या क्रोममधले साठवलेले पासवर्ड पुसावेत, १०९ काढून टाकावा आणि टास्कबारवर त्याच्या जागी फायरफॉक्सचे चिन्ह ठेवावे, म्हणजे दुकानातला मुलगा सवयीने तेथेच क्लिक करेल.